त्यांचं ऐकणं

१

टिल्लूच्या चॅनेलवर वहिनीचा चेहरा कधीच दिसायचा नाही. दिसायचे ते तिचे हात. हेडसेटची पट्टी ताणून बघणारे, कानाच्या गाद्या अंगठ्याने दाबून बघणारे, वायरीला पीळ देऊन बघणारे दोन कामसू हात, आणि त्यावर तिचा सावकाश, कोणाची भीडभाड न ठेवणारा आवाज. ‘ह्याचा बास म्हणजे रिकाम्या पिंपावर मारलेली थाप आहे,’ असं ती एकदा म्हणाली आणि ते वाक्य पोरांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून बघणारे तिला ‘कानवाल्या वहिनी’ म्हणायला लागले. खरं तर ती एकट्या टिल्लूची वहिनी. पण एकदा लोकांनी वहिनी केलं की केलं.

टिल्लू हा तिचा धाकटा दीर. लहानपणी बुटका होता म्हणून टिल्लू. आता दारातून जाताना मान वाकवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वहिनीचा नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. घरात ती, टिल्लू आणि सासरे, म्हणजे अप्पा. ज्या डबिंग स्टुडिओत वहिनीने उमेदीची वर्षं काढली तो बंद पडला, तेव्हा टिल्लू म्हणाला, “वहिनी, तुझे कान असे घरी बसवून ठेवू नकोस. मी खेळतो, तू ऐक.” स्वस्तातले गेमिंग हेडसेट कुठले घ्यावेत आणि कुठल्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, हे सांगायचं काम असं सुरू झालं.

तिची रीत ठरलेली. सकाळची कामं आवरली की मागच्या खोलीत जायचं. आधी हेडसेट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. मग चष्म्यासकट डोक्यावर घालून बसायचं, कानशील दुखतं का, टाळू टोचते का बघायचं. मग पाठ असलेलं संगीत. मग टिल्लूने गेममधून काढून दिलेले पावलांचे आवाज: डोळे मिटायचे आणि पाऊल जिकडून येईल तिकडे बोट करायचं. सगळ्यात शेवटी माइक आणि साइडटोन. साइडटोन म्हणजे माइकमध्ये शिरणारा आवाज त्याच वेळी आपल्याच कानात सोडायची सोय. कान झाकलेले असले तरी माणूस त्यामुळे घसा फोडून बोलत नाही.

टिल्लूने ऑनलाइन मागवलेला तो हेडसेट आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. पांढरा खोका, त्यावर कंपनीचं नाव नाही, आत काळा, साधा, जरा ओबडधोबडच नग. काट्यावर तो बाकीच्यांपेक्षा जड भरला. वहिनीने मनातल्या मनात एक गुण कापला आणि तो डोक्यावर चढवला.

वजन नाहीसं झालं. हात वर नेऊन तिने चाचपून पाहिलं, तेव्हा कुठे तो जागेवर असल्याची खात्री पटली.

संगीत सुरेख. पावलं तर अशी नेमकी, की बोट दाखवायच्या आधीच मान वळत होती. वहिनी खुशीत आली. स्वस्तातली वस्तू चांगली निघाली की तिला घरचं कोणी परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद व्हायचा. तिने माइक तोंडाशी ओढला आणि साइडटोन सुरू केला.

खोली कानात उतरली. डोक्यावर पंखा. उजवीकडे, लांब, भिंतीपलीकडे फ्रिजची घरघर. डावीकडे खिडकी आणि खिडकीबाहेरचा रस्ता. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी. आणि मग तिचं समाधान जागच्या जागी थिजलं. कारण माइक एकच होता. एका माइकला डावं-उजवं कळत नाही, मागचं-पुढचं तर नाहीच नाही. त्यातून येणारं सगळं डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवं होतं. हे ती स्टुडिओत नव्या पोरांना शिकवत आलेली.

दुसरी गोष्ट कळायला थोडा वेळ लागला. खिडकी आणि तिची खुर्ची यांच्यामध्ये, डाव्या खांद्याच्या मागे, एका जागी रस्ता ऐकू येत नव्हता. दोन्ही बाजूंनी येत होता, मध्ये मात्र दबलेला. खोलीत रजयांचा ढीग ठेवला की आवाज जसा त्यात मुरतो, तसा. किंवा माणूस उभा राहिला की.

स्टुडिओत काचेच्या आत कोण आलं, कुठे उभं राहिलं, हे वहिनी डोळे मिटूनही सांगायची. माणसाचं अंग आवाज पितं. तो गप्प उभा असला तरी त्याची जागा ऐकू येते.

तिने वळून पाहिलं. पडदा. इस्त्रीचं टेबल. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर, अखंड.

२

“वहिनी, रेकॉर्डिंग करताना अप्पा आत आले होते का?” संध्याकाळी टिल्लूने विचारलं. तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

“नाही. का रे?”

“पहिलं वाक्य छान आहे. मग तुझा आवाज दबतो. म्हणजे कमी नाही होत, पण... कोणी अगदी जवळ येऊन उभं राहिल्यासारखा. माइकपुढे जाड माणूस आल्यासारखा.” तो हसला. “तूच जाड झाली असशील.”

“तुझ्या हाताखाली काम करून? वाळले असेन,” वहिनी म्हणाली. पण हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

तिने कारणं शोधली. गाद्या कानाला घट्ट बसतात, त्यामुळे कानात दाब तयार होतो. माइकच्या स्पंजमध्ये ओल असेल. आत कसला तरी प्रोग्रॅम असेल, एका आवाजाचे दहा करून चहूकडे पसरणारा. आजकाल काय वाटेल ते निघतं. कारणं चांगली होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याच खुर्चीत बसून शेल्फवरचे दुसरे हेडसेट एकामागून एक लावले. रस्ता, पंखा, फ्रिज, सगळं डोक्याच्या मधोमध, जसं असायला हवं तसं. मग पुन्हा काळा हेडसेट लावला. खोली पुन्हा चारी बाजूंना पसरली, आणि ती दबलेली जागा होतीच. कालच्यापेक्षा थोडी अलीकडे.

“हा परत पाठवू या,” ती टिल्लूला म्हणाली.

“आणि काय कळवायचं? तुमचा हेडसेट फारच चांगला निघाला, आमच्याच्याने सोसवत नाही?” टिल्लूने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. “वहिनी, एवढ्या स्वस्तात असा आवाज मी ऐकलेला नाही. पोरं वाट बघून राहिलीत. तुला त्यात खोट सापडली असेल तर खोट सांग, आपण तीच सांगू. सापडली का?”

वहिनीने हेडसेट त्याच्या हातून घेऊन खोक्यात ठेवला. खोट म्हणजे काय सांगणार? ह्यात खोलीत नसलेला माणूस ऐकू येतो, असं?

३

अप्पांना कमी ऐकू यायचं. यंत्र होतं, पण त्यात ताटवाट्यांचा आवाज तलवारी आपटल्यासारखा येतो म्हणून ते बहुतेक वेळ टेबलाच्या खणात पडून असायचं. अप्पांनी ऐकू न येण्याशी जुळवून घेतलं होतं. कोणी काही विचारलं की ते आधी ‘बरं’ म्हणायचे आणि मग अंदाज घ्यायचे.

त्या दिवशी दुपारी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. टिल्लूला काय लहर आली कोण जाणे, त्याने काळा हेडसेट आणून अप्पांच्या कानांवर चढवला आणि लॅपटॉपवर त्यांच्या आवडीची जुनी गाणी लावली. अप्पांचा चेहरा उजळला. बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. “स्वच्छ,” ते म्हणाले. “अगदी स्वच्छ रे.” टिल्लू खूश होऊन आंघोळीला गेला.

गाणी संपली. अप्पांनी हेडसेट काढला नाही. वहिनीने सहज वर पाहिलं, तर ते सोफ्यावर सरकत होते. आधी थोडे, मग अगदी सोफ्याच्या हातापर्यंत. डावीकडे पडलेलं वर्तमानपत्र त्यांनी उचललं, घडी करून मांडीवर घेतलं आणि रिकाम्या झालेल्या जागेवर तळहाताने दोनदा थोपटलं.

“बसा,” ते म्हणाले.

वहिनीच्या हातातली घडी तशीच राहिली. “अप्पा, कोणाला म्हणालात?”

तिचं बोलणं त्यांना माइकमधून नीट पोचलं असावं, कारण या वेळी ते ‘बरं’ म्हणाले नाहीत. “अगं, केव्हाचे मागे उभे आहेत. बरं दिसतं का ते?”

“कोण?”

अप्पा गोंधळले. त्यांनी मागे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुझ्याकडेच आलेत ना? मला वाटलं, तुझ्या कामातले कोणी आहेत.”

“बोलले का तुमच्याशी?”

“छे. बोलत नाहीत. ऐकतात.”

“तुम्हाला कसं कळलं, ऐकतात म्हणून?”

अप्पांनी विचार केला. सरळ माणूस, प्रश्नाला उत्तर द्यायची सवय असलेला. “त्यांचं ऐकणं ऐकू येतं,” ते म्हणाले. “तू बोलतेस ना, ते त्यांच्याकडे जातं. मग माझ्याकडे येतं.” आणि जरा थांबून, आवाज खाली आणून, पाहुण्यासमोर बोलतात तसं, “आता बसलेत.”

वहिनीने पुढे होऊन हेडसेट त्यांच्या डोक्यावरून काढला. अप्पांनी हरकत घेतली नाही. ते पुन्हा नेहमीसारखे बहिरे झाले, वर्तमानपत्र उघडून वाचायला लागले. पण सोफ्याच्या मधल्या जागेवर परत सरकले नाहीत. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सोफ्याच्या हाताला चिकटून, अंग चोरून बसायचे, आणि टिल्लू शेजारी टेकायला आला की हाताने नको म्हणायचे.

४

वहिनी भित्री नव्हती. नवरा वर्षानुवर्षं समुद्रावर असलेल्या बाईला प्रत्येक आवाजाला दचकून चालत नाही. जे ऐकू येतं त्याला जागा असते, जागेला माप असतं, हे तिने आयुष्यभर मानलं. म्हणून घरात कोणी नसताना, भर सकाळी, तिने खोलीचं दार उघडं ठेवलं आणि तो हेडसेट पुन्हा डोक्यावर घातला.

तिने टाळी वाजवली. नव्या जागी रेकॉर्डिंग करायच्या आधी असंच करतात: टाळी वाजवायची आणि भिंती काय म्हणतात ते ऐकायचं. समोरच्या भिंतीने टाळी कोरडी परत केली. शेल्फने तुकडे करून दिली. दार उघडं होतं, तिकडून काहीच आलं नाही. ती वायर पुरेल तेवढी वळली आणि खिडकीच्या दिशेने टाळी वाजवली.

ती टाळी परत आली, पण मऊ होऊन. हातभर अंतरावरून.

वहिनीने स्वतःला समजावलं की पडदा आहे. ती वाकली, डावा हात पुढे करून हवेत फिरवला. हाताला काही लागलं नाही. मात्र वाकल्यावर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कुठलाही हेडसेट, चांगल्यातला चांगला, मान खाली घातली की थोडा तरी पुढे ओघळतो. हा जड होता, काट्यावर तिने स्वतः पाहिलं होतं. तो ओघळला नाही. तिने मान आणखी खाली घातली, डावीकडे कलली, उजवीकडे कलली. वजन कुठल्याच बाजूला गेलं नाही. जणू कोणीतरी तो वरच्यावर धरला होता आणि तिच्या डोक्याबरोबर मागून हात हलवत होता.

ती ताठ उभी राहिली. पुढची टाळी तिला वाजवायची नव्हती, पण हात जुळलेच. या वेळी समोरच्या भिंतीकडूनही टाळी मऊ आली. शेल्फकडूनही. रस्ता गेला, फ्रिज गेला, पंखा कोणीतरी पांघरूण घातल्यासारखा खोल गेला. चारी बाजूंनी मऊ. आणि त्या मऊपणाच्या आत, तिच्या अगदी कानापाशी, आवाज नव्हे, तर कोणीतरी श्वास रोखून धरावा तशी एक वाट पाहणारी शांतता.

ती बोलायची वाट पाहणारी.

वहिनीने ओठ घट्ट मिटले. तसेच मिटलेले ठेवून, दोन्ही हातांनी तो हेडसेट काढला. मग खोक्यात घातला, खोक्याला चिकटपट्टी लावली आणि स्टुलावर चढून माळ्यावर, अगदी मागे सारला. टिल्लूला तिने संध्याकाळी एवढंच सांगितलं, “त्याला हात लावायचा नाही. कारण विचारू नकोस.”

टिल्लूने मान डोलावली. त्याच्या मान डोलावण्याची किंमत वहिनीला एरवी चांगली ठाऊक होती. त्या दिवशी ती थकली होती, इतकंच.

५

अप्पांची औषधं संपली होती म्हणून ती दुपारी बाहेर पडली. दुकानात गर्दी होती, उशीर झाला. परत आली तर अप्पा सोफ्याच्या मधोमध, ऐसपैस, पाय पसरून बसलेले. एका क्षणासाठी तिला बरं वाटलं.

“मोकळे बसलात आज,” ती मोठ्याने, हातवारे करत म्हणाली.

“हो ना,” अप्पा म्हणाले. “मघाशी उठून आत गेले ते. टिल्लूकडे.”

औषधांची पिशवी तिने कुठे ठेवली हे तिला पुढे आठवलं नाही.

मागच्या खोलीतून टिल्लूचा आवाज येत होता, नेहमीचा, बघणाऱ्यांशी बोलताना येतो तसा चढा आणि हसरा. दार अर्धवट उघडं होतं. तो पाठमोरा बसला होता, पडद्यावर खेळ चालू, काळा हेडसेट डोक्यावर. शेजारच्या पडद्यावर बघणाऱ्यांच्या ओळी झरझर वर सरकत होत्या. पोरं खुळावली होती. कारण टिल्लू असा खेळत होता जसा तो आयुष्यात कधी खेळला नव्हता. भिंतीपलीकडे कोणी दिसायच्या आत त्याची बंदूक तिकडे वळलेली असायची.

“मित्रांनो, आराम म्हणाल तर,” तो सांगत होता, “हे डोक्यावर आहे असं वाटतच नाही.”

“टिल्लू,” वहिनी दारातून म्हणाली.

तो थोडा डावीकडे कलला. मग म्हणाला, “आलीस का? पाचच मिनिटं वहिनी.”

“काढ तो.”

पुन्हा तसाच कलला, शेजारी बसलेल्याचं ऐकून घ्यावं तसा. “अगं, जरा थांब.”

टेबलाच्या कडेला टिल्लूचं रेकॉर्डिंग तपासायला वहिनीचे स्वतःचे, स्टुडिओतले जुने हेडफोन लटकलेले असायचे. त्यांच्यावर तिचा स्वतःच्या कानांइतका विश्वास. तिने ते हात लांब करून उचलले आणि एका कानाला लावले. टिल्लूच्या माइकमधलं जसंच्या तसं ऐकू येत होतं. कीबोर्डची खडखड. त्याचा श्वास. पंखा.

“टिल्लू,” ती पुन्हा म्हणाली, आणि स्वतःचा आवाज तिने ऐकला. तो दबून पोचत होता. ती त्याच्या मागे दोन पावलांवर उभी होती, त्यांच्यामध्ये उघडी फरशी आणि दुपारचं ऊन, आणि तरीही तिचा आवाज कशाच्या तरी आतून जात होता. मग तो दबलेपणा सरकला. काहीतरी तिच्याकडे वळावं तसा. पंखा नाहीसा झाला, खडखड नाहीशी झाली, आणि हेडफोनमध्ये फक्त ती ओळखीची, वाट पाहणारी शांतता उरली, एवढी जवळ की वहिनीने ते हेडफोन कानापासून ओढून टाकून दिले.

तिने पुढे होऊन टिल्लूच्या डोक्यावरचा हेडसेट धरला आणि उचलला.

तो उचलला गेला नाही.

अडकला नव्हता. दुसऱ्या कोणी धरलेली वस्तू आपण ओढावी तेव्हा ती जशी किंचित येते आणि परत जाते, तसा तो आला आणि परत गेला. टिल्लूच्या डोळ्यांपुढे खेळ चालूच होता, बोटं चालूच होती, चेहऱ्यावरचं हसूही होतं, पण खाली गळ्याची शीर थडथड उडत होती. “वहिनी,” तो म्हणाला, अगदी हळू, बघणाऱ्यांना कळू नये असं, “माझ्याने निघत नाहीये तो. मघापासून.”

तिने जोर लावला असता. पण टिल्लूच्या कानशिलांकडे तिचं लक्ष गेलं. गाद्यांच्या बाहेर, गालफडांवर कातडी आत दबली होती. कोणी मागून दोन्ही हातांनी डोकं धरावं तशी. एक खळी, तिच्या शेजारी दुसरी, तिसरी. तिच्या डोळ्यांदेखत त्यातली एक उठली आणि जरा पुढे, ओठांच्या कोपऱ्याशी जाऊन टेकली. तो काय बोलणार हे चाचपून बघितल्यासारखी.

वहिनीला काय सुचलं, का सुचलं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. अप्पांची आठवण झाली असावी. तिने हेडसेटवरचे हात तसेच ठेवले आणि माइककडे वाकून, घरी आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तशा सुरात म्हणाली, “पुरे झालं आता. सोडा त्याला. पोर आहे.”

पंखा फिरत राहिला. मग सगळं वजन एकदम तिच्या हातांत आलं. जड, मेलेलं वजन. तिच्या मनगटाला काहीतरी चाटून गेलं, केसांसारखं किंवा श्वासासारखं, आणि टिल्लू खुर्चीतून पुढे कोसळला.

त्याच्या दोन्ही गालांवर लाल वळ उमटले होते. बोटांचेच होते. किती होते ते वहिनीने मोजलं नाही.

६

टिल्लू दोन दिवस अंथरुणातच होता. वळ गेले. कानाच्या डॉक्टरांनी तपासून, ऐकणं उत्तम आहे म्हणून सांगितलं. उत्तमापेक्षा उत्तम, असे आलेख क्वचित बघायला मिळतात, म्हणाले.  टिल्लू कमी बोलायला लागला होता, पण घाबरलेलं पोर काही दिवस कमी बोलणारच.

पोरांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. बघणारे विचारून विचारून भंडावत होते. टिल्लू म्हणाला, गप्प राहू. वहिनी म्हणाली, गप्प राहिलो तर घेतील. शेवटी तिने आपल्या जुन्या माइकवर एकटीने रेकॉर्डिंग केलं. आवाज उत्तम आहे, ती म्हणाली. आराम उत्तम आहे. माझं नाव ऐकून आजवर ज्यांनी काही घेतलं असेल, त्यांनी तेवढ्याच भरवशावर हा घेऊ नये. कारण मी सांगू शकत नाही आणि खोटं कारण सांगणार नाही.

काहींनी ऐकलं. बऱ्याच जणांनी हसून सोडून दिलं. टिल्लूचा तो खेळ त्यांनी पाहिला होता.

हेडसेट तिने भंगाराच्या वस्तू जमा करतात त्या केंद्रावर नेऊन दिला. देण्याआधी, खिडकीपाशी, उजेडात, स्क्रू काढून आत पाहिलं. त्या कामात तिचा हात बसलेला होता. उजव्या बाजूला सगळं जसं असतं तसं: छोटा गोल स्पीकर, दोन तारा, स्वस्तातली सोल्डरिंग. मग तिने डावी बाजू उघडली. आत स्पीकर नव्हता. तारा नव्हत्या, तारा यायला भोकही नव्हतं. नुसतं काळं, गुळगुळीत प्लास्टिक, वाटीसारखं. तिने पहिल्या दिवशी त्याच बाजूने रस्ता ऐकला होता.

७

त्यानंतर घर रुळावर आलं. टिल्लूने चॅनेल काही दिवस बंद ठेवलं, बाहेरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायला लागला. जेवायलाही व्यवस्थित. नवऱ्याचा फोन आला तेव्हा वहिनीने झाल्या प्रकाराचा उच्चार केला नाही. इतक्या लांबून त्याने काळजी करून काय होणार होतं?

एकच गोष्ट तिला खटकत होती. आपण काही विचारलं की टिल्लू लगेच उत्तर देत नाही. किंचित डावीकडे कलतो आणि मग देतो. उत्तर बरोबरच असतं.

सवय असेल, ती स्वतःशी म्हणायची. तास न् तास कानावर ते ओझं... आणि इथे येऊन तिचा विचार थांबायचा.

एका सकाळी अप्पा फिरायला गेले होते. वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. टिल्लू बाहेरच्या खोलीत, मधलं दार लावलेलं. नळ पूर्ण सोडलेला, पाणी स्टीलच्या पातेल्यावर असं कोसळत होतं की तिला स्वतःच्या बांगड्या ऐकू येत नव्हत्या. ती दाराकडे पाठ करून उभी होती. मनात आलं म्हणून, मनातला किडा एकदाचा मरावा म्हणून, तिने आवाज न काढता नुसते ओठ हलवले. घशातून हवासुद्धा जाऊ दिली नाही.

टिल्लू, ऐकू येतंय?

पाणी कोसळत राहिलं. वहिनीने श्वास सोडला. आपलंच आपल्याला हसू आलं आणि तिने साबणाकडे हात नेला.

“हो वहिनी,” बंद दारापलीकडून टिल्लू म्हणाला, शांतपणे, आदबीने. “बोल ना. आम्ही ऐकतोय.”